तात्यांची गोळी, अण्णांची गोळी

मागच्या दिवाळीत, पहिल्या आंघोळीच्या सकाळी, आम्ही जिदहफ्सच्या घरातून चिपळूणला व्हिडिओ कॉल लावला. तुमच्याकडेही हेच चालत असणार. इकडे उटण्याचा वास, तिकडे फटाक्यांचे आवाज, आणि फोन कोणी कसा धरायचा यावरून गोंधळ. तिकडचा फोन अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात होता. चित्र सारखं हलत होतं. शेवटी आईने फोन काढून घेतला. चित्र थांबलं आणि अण्णांचा उजवा हात दिसला. तो थांबला नव्हता.

अण्णांना कंपवात होऊन, म्हणजे डॉक्टरी भाषेत पार्किन्सन्स होऊन, आता सहा वर्षं झाली. माझी मुलगी नववीत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मुलांसारखी तीही जिदहफ्सच्या प्रसूती रुग्णालयातच जन्मली. आजोबांचं हलणं ती लहानपणापासून पाहते आहे, त्यामुळे तिला त्याचं फारसं काही वाटत नाही असा माझा समज होता. कॉल संपल्यावर तिने विचारलं, "बाबा, आजोबांच्या मेंदूत डोपामिन कमी पडतं ना? मग आजीची शुगर मोजतात तसं ते मोजायचं. किती कमी आहे ते बघून तेवढी गोळी द्यायची."

मी इथे एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासायचं काम करतो. दाब, तापमान, प्रवाह. मोजणं हा माझा धंदा आणि तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी वाचत बसलो. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण अशी एखादी थरथरती वाटी तुमच्याही गावाकडच्या घरात असेल. आणि कारण या गोष्टीत मला अनपेक्षितपणे आमचे तात्या भेटले.

आधी तिची तुलनाच घेऊ. घरी शुगर मोजायचं यंत्र सुरुवातीला उजेडावर चालायचं. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला की ती निळी पडायची. १९७० च्या सुमारास अमेरिकेत अँटन क्लेमेन्स यांनी त्या पट्टीवर उजेड टाकून परत किती येतो ते मोजणारं यंत्र केलं. करोनाच्या दिवसांत आपण सगळ्यांनी बोटाला लावला तो ऑक्सिमीटरचा चिमटाही उजेडाचाच. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी ती कल्पना १९७४ मध्ये मांडली. म्हणजे शरीरातला पदार्थ उजेडावरून ओळखायचा ही युक्ती आता घरोघरी आहे. मेंदूतली रसायनं माणसाला पहिल्यांदा नीट हाती लागली तीसुद्धा उजेडामुळेच. फक्त त्या गोष्टीची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही. ती एका मुळापासून होते, झाडाच्या मुळापासून.

तात्या माझे आजोबा. पोस्टात होते. १९६० च्या आसपास त्यांचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी त्यांना सर्पगंधेच्या मुळातून काढलेल्या औषधाची गोळी सुरू केली. त्या काळात ही गोळी सर्रास देत. आजी पुढे कित्येक वर्षं एकच वाक्य सांगायची, "दाब उतरला, पण गोळी सुरू झाल्यापासून माणूस गप्प झाला." तात्या संध्याकाळी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसायचे आणि झोपाळा हलायचा नाही, अशी माझ्या आत्याची आठवण आहे. तो गोळीचा परिणाम होता की निवृत्तीचा, की धाकटा भाऊ गेल्याचा, हे आज कोणी सांगू शकणार नाही. मीही सांगत नाही. पण ती गोळी मेंदूत काय करते ते आता माहीत आहे, आणि ते कसं कळलं हीच आपली गोष्ट आहे.

सर्पगंधा हे सावलीत वाढणारं लहान झुडूप, कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या माणसाला परकं नाही. साप चावल्यावर, झोप येत नसल्यास, डोकं फिरलेल्या माणसाला शांत करायला तिचं मूळ देत. उत्तरेकडे तर तिला 'पागल की दवा' असंच नाव पडलं होतं. तिचं शास्त्रीय नाव राऊवोल्फिया. ते लिओनहार्ट राऊवोल्फ या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्यावरून पडलं. हा गृहस्थ १५७३ ते १५७६ या काळात वनस्पती शोधत अलेप्पो करत बगदादपर्यंत आला होता. आपल्या आखातापासून फार लांब नाही. पण ज्या झाडाला त्याचं नाव मिळालं ते त्याने कधी पाहिलंच नाही. नाव पुढे शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं. नावं अशीच लागतात.

१९३१ मध्ये कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की हे मूळ वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर, दोन्हींवर चालतं. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळातली काही द्रव्यं वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून 'अजमलिन' म्हटलं. हे सगळं भारतीय नियतकालिकांत छापून आलं आणि बाहेर कोणी वाचलं नाही. बाहेरच्यांनी वाचलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचं. परळच्या केईएम रुग्णालयातले हे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना हे मूळ दिलं, नोंदी ठेवल्या, आणि १९४९ मध्ये तो लेख लंडनच्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून आपल्या रुग्णांना सर्पगंधा दिली. दाब तर उतरलाच, शिवाय माणसं निवांत होतात असं त्यांच्या लक्षात आलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा कंपनीने मुळातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रिसर्पिन. वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकशास्त्रात नोबेलच्या खालोखाल त्याचा मान आहे. पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळालं. परळहून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

रिसर्पिन वेड्यांच्या इस्पितळांत पोहोचलं आणि दोन गोष्टी दिसू लागल्या. काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी आल्या. त्या किती खऱ्या यावर पुढे बराच वाद झाला. दुसऱ्या गोष्टीवर मात्र वाद नव्हता. काही जणांचे हात थरथरू लागले, अंग ताठर झालं, चेहरा मुखवट्यासारखा झाला. गोळी बंद केली की हे जायचं. म्हणजे एका मुळाने तात्पुरता कंपवात होत होता. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता उजेडाकडे येऊ. आपण घरी पैसे पाठवायला एक्स्चेंजमध्ये जातो तेव्हा काउंटरवरचा माणूस नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो, आठवतं? एरवी न दिसणारी रेघ चमकू लागते. डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश त्या शाईने घेतला आणि दिसणाऱ्या रंगात परत दिला. याला प्रतिदीप्ती म्हणतात. दुकानातलं टॉनिक वॉटर अशा दिव्याखाली निळं चमकतं, कारण त्यात क्विनाइन असतं. मुलांना एकदा करून दाखवा. प्रत्येक द्रव्याची यात एक खूण असते. कोणता प्रकाश घेतो आणि कोणता परत देतो, ही जोडी त्या द्रव्याच्या सहीसारखी. पूर्वी रंगीत काचा लावून हे मोजायचे, आणि त्या काचांमुळे ठरावीक रंगांपलीकडे जाता येत नसे.

अमेरिकेत बेथेस्डा इथे सरकारी हृदयसंस्थेत रॉबर्ट बोमन नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी काचा काढून टाकल्या. झेनॉनचा प्रखर दिवा लावला, क्वार्ट्झची सामग्री वापरली, आणि आत जाणारा व बाहेर येणारा असा दोन्हीकडचा रंग हवा तसा निवडता येईल असं यंत्र जुळवलं. १९५५ मध्ये त्याची माहिती छापली. नाव लांबलचक आहे, स्पेक्ट्रोफोटोफ्लुओरोमीटर. माझ्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, एखादा शोध लावणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं, ज्या यंत्राने तो लागला ते करणारा कोणाला आठवत नाही. बोमन यांचं असंच झालं.

त्याच संस्थेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत सेरोटोनिनवर काम चालू होतं. सेरोटोनिन तीव्र आम्लात मिसळून योग्य अतिनील प्रकाशाखाली धरलं की हिरवट-पिवळी चमक येते. ब्रोडी, पार्खर्स्ट शोर आणि बाझेलहून आलेले आल्फ्रेड प्लेचर यांनी जनावरांना रिसर्पिन दिलं आणि मेंदूतलं सेरोटोनिन या यंत्रात मोजलं. चमक जवळजवळ गेली होती. १९५५ चीच ही गोष्ट. औषधाने वागणूक बदलते आणि त्याच वेळी मेंदूतलं एक रसायन घटतं, हे प्रथमच आकड्यात दिसलं.

वाचकहो, इथे एक क्षण थांबा. या रसायनाचा साठा भरलेला होता तोवर त्याचं काम काय हे कोणाला उमगत नव्हतं. सर्पगंधेने कोठी रिकामी केली तेव्हा कळलं की इथे काहीतरी होतं. यंत्र नसतं तर रिकामं झालेलं दिसलं नसतं. मूळ नसतं तर यंत्राला दाखवायला काही नसतं.

ब्रोडींकडे त्या वर्षी स्वीडनहून अर्विद कार्लसन नावाचा तरुण पाच महिने शिकायला आला होता. त्याने सुचवलं, सेरोटोनिन बघतो आहोत तर नॉरॲड्रेनलिनच्या कुळातली द्रव्यंही बघू या. ब्रोडींना त्यात अर्थ वाटला नाही. कार्लसन लुंडला परतला, तसंच यंत्र त्याने तिथे मिळवलं, आणि सहकाऱ्यांबरोबर स्वतःच बघितलं. तीही द्रव्यं रिकामी झालेली होती. मग नेमकं कशाच्या अभावी जनावर निपचित पडतं?

१९५७ चा तो प्रयोग आहे. रिसर्पिन दिलेले ससे जमिनीवर पसरलेले, कान लोंबलेले, ढकललं तरी हलत नाहीत. कार्लसन, मार्गित लिंडक्विस्ट आणि टोर मॅग्नुसन यांनी त्यांना डोपा टोचलं. डोपा हा या कुळाचा कच्चा माल. तयार रसायन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, डोपा शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं रसायन होतं. पंधरा मिनिटांच्या आत सशांचे कान उभे राहिले आणि ते चालू लागले. सेरोटोनिनचा कच्चा माल दिला तेव्हा असं काही झालं नाही. हे वाचताना मला ओटीवरचा झोपाळा आठवला हे कबूल करतो.

पुढे खरी गंमत. उठलेल्या सशांच्या मेंदूत नॉरॲड्रेनलिन मोजलं तर ते परत आलेलंच नव्हतं. मग सशाला उठवलं कोणी? डोपापासून नॉरॲड्रेनलिन होताना वाटेत एक द्रव्य तयार होतं, डोपामिन. लंडनमध्ये १९१० मध्ये ते बनवलं गेलं होतं, पण शरीरात त्याचं काही स्वतंत्र काम असेल असं सहसा कोणी मानत नव्हतं. वाटेतलं स्टेशन, एवढीच त्याची किंमत. लंडनजवळच्या रनवेल रुग्णालयात कॅथलीन मोंटेग्यू यांनी १९५७ मध्येच मेंदूत ते असल्याचं दाखवलं होतं. त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. कार्लसन यांच्या गटाने १९५८ मध्ये डोपामिनची चमक मोजायची रीत बसवली. रिसर्पिनने ते जातं, डोपाने परत येतं, हे त्यांना दिसलं. पुढच्या वर्षी लुंडच्याच ओके बर्टलर आणि एवाल्ड रोझेनग्रेन यांना ते मेंदूत कुठे एकवटलं आहे ते सापडलं. हालचालीवर ताबा ठेवणाऱ्या भागात. थरथरणारे हात आणि लोंबलेले कान एका धाग्यात आले.

लगेच टाळ्या पडल्या असं समजू नका. १९६० मध्ये लंडनच्या एका परिषदेत कार्लसन यांनी हे मांडलं तेव्हा इंग्रज दिग्गजांनी मान हलवली नाही. मेंदूचं काम विजेवर चालतं, रसायनावर नाही, हा विचार अजून मुरलेला होता.

त्याच वर्षी व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच आणि हर्बर्ट एहरिंगर यांनी कंपवाताने मेलेल्या माणसांचे मेंदू तपासले. त्यांच्याकडे बोमनचं यंत्र नव्हतं, जुनी रंग येण्याची पद्धत होती. डोपामिन असेल तर नळीतला द्रव गुलाबी होतो. निरोगी मेंदूच्या अर्काच्या नळ्या गुलाबी झाल्या. कंपवाताच्या मेंदूच्या नळ्यांत जेमतेम छटा आली. यंत्रात घालण्याआधी नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. १९६१ च्या जुलैमध्ये होर्निकिएविच यांच्या सांगण्यावरून वाल्टर बिर्कमायर यांनी रुग्णांना शिरेतून लेव्होडोपा दिलं. अंथरुणातून न उठणारी माणसं काही तास उठली आणि चालली. अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी १९६७ मध्ये तोंडाने, हळूहळू वाढवत मोठी मात्रा दिली आणि रोज घेता येईल असं औषध झालं. अण्णांची गोळी ती हीच.

तेव्हा आमच्या घरात दोन गोळ्या आल्या. तात्यांची गोळी कोठी रिकामी करणारी. चेतापेशीत ही रसायनं बारीक पिशव्यांत भरून ठेवलेली असतात, रिसर्पिन ती भरायची वाट बंद करतं, आणि बाहेर राहिलेलं रसायन पेशीतच नष्ट होतं. अण्णांची गोळी कोठी भरायला कच्चा माल पुरवणारी. मध्ये एक पिढी. तात्यांच्या गोळीने अण्णांना आजार दिला असं मात्र कोणी समजू नये, तसा काही संबंध नाही. संबंध आहे तो ज्ञानाचा. पहिल्या गोळीने ससे पाडले नसते तर दुसरी कोणाला सुचली नसती.

इथे घरचा आणखी एक धागा आहे. खाजकुहिली ठाऊक आहे ना? रानात अंगाला लागली की नाचवते ती. तिच्या बियांतून मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच लेव्होडोपा वेगळं काढलं होतं. आयुर्वेदात ती आत्मगुप्ता, आणि कंपवातावर तिचा उपयोग जुना. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी ती कंपवाताच्या रुग्णांना देऊन १९७८ मध्ये निष्कर्ष छापले, आणि ती चालते असं दाखवलं. म्हणून कोणी घरच्या घरी बिया दळायला घेऊ नयेत. प्रत्येक बीत मात्रा वेगळी असते आणि हा आजार मात्रेचाच आहे. आमच्याकडे एका हितचिंतकाने आणून दिलेली पूड अण्णांनी गोळीच्या जोडीला घेतली आणि दोन दिवस त्यांचं अंग आपोआप वळवळत राहिलं. आईने डबा उचलून परसात टाकला.

चमकीची गोष्ट इथे संपत नाही. नळीतला अर्क मोजला की किती ते कळतं, कुठे ते कळत नाही. १९६२ मध्ये लुंडचेच बेंग्ट फाल्क आणि निल्स-ओके हिलार्प यांनी मेंदूचे गोठवून वाळवलेले तुकडे फॉर्मल्डिहाइडच्या गरम वाफेत तासभर ठेवले. सूक्ष्मदर्शकाखाली डोपामिनच्या पेशी हिरव्या आणि सेरोटोनिनच्या पिवळ्या चमकू लागल्या. वाफेतला ओलावा अगदी नेमका लागायचा. कमी झाला तर चमक नाही, जास्त झाला तर सगळं पसरतं. ऑगस्टमधल्या बहारीनच्या हवेत हा प्रयोग झाला नसता! दोन वर्षांत अनिका डालस्ट्रॉम आणि केल फुक्से यांनी या चमकीवरून मेंदूत ही रसायनं कुठून कुठे जातात त्याचा नकाशा काढला. रस्ते अक्षरशः उजळलेले दिसले. हिलार्प १९६५ मध्ये गेले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. होर्निकिएविच यांना वगळल्याबद्दल दोनशेहून जास्त शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं. मला विचाराल तर ते बरोबर होतं.

एवढं होऊनही मेंदू मेलेलाच होता. काप, अर्क, नळ्या. जिवंत मेंदूत, जनावर चालत-खात असताना डोपामिन कधी वर जातं आणि कधी खाली, ते बघायला अमेरिकेत राल्फ ॲडम्स यांनी १९७० च्या दशकात कार्बनची बारीक तार वापरली. ते विजेचं मोजमाप. उजेड परत आला तो समुद्रातून. जपानचे ओसामु शिमोमुरा यांनी १९६१ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक जेलीफिश हजारोंनी गोळा केले, तिच्या कडेला हिरवी चमक का येते ते शोधायला. त्यात हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं. आपल्या समुद्रात जेलीफिश चावल्याच्या तक्रारी करताना तिच्या एका चुलत बहिणीला २००८ चं नोबेल मिळालेलं आहे हे लक्षात असू द्या. मिळालं शिमोमुरांना आणि आणखी दोघांना, पण काम तिचं.

त्या प्रथिनाचा उपयोग असा. आपल्या चेतापेशींवर डोपामिन ओळखणारी प्रथिनं असतातच, कुलपासारखी. डोपामिनची किल्ली बसली की कुलपाचा आकार जरा बदलतो. कॅलिफोर्नियात लिन टियान यांच्या गटाने त्या कुलपाच्या आत जेलीफिशचं हिरवं प्रथिन बसवलं. किल्ली बसली की हिरवं तेज वाढतं, निघाली की उतरतं. २०१८ मध्ये हे छापून आलं. त्याच वर्षी बीजिंगच्या युलोंग ली यांच्या गटानेही दुसऱ्या जातीचं कुलूप वापरून तसंच केलं. हे चमकतं कुलूप तयार करण्याचा जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर चढवून उंदराच्या मेंदूत सोडतात, वर केसाएवढी काचेची तार बसवतात, तारेतून निळा प्रकाश आत जातो आणि हिरवा बाहेर येतो. उंदराला खाऊ मिळाला की पडद्यावर रेघ उसळते. सेकंदाच्या अंशात. बर्कलेच्या मार्किटा लँड्री यांच्या गटाने २०१९ मध्ये कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा वेगळा मार्ग दाखवला. त्यांची चमक डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त रंगात असते आणि हा रंग मांसातून जास्त आरपार जातो. रात्री मोबाईलचा टॉर्च तळहाताखाली धरून बघा, पांढऱ्या उजेडातला लालच तेवढा वर येतो. हेच कारण.

मग मुलीला काय उत्तर देऊ? हे सगळं आहे, आणि अण्णांसाठी नाही. हे चमकतं कुलूप बसवायला परका जनुक मेंदूत सोडावा लागतो आणि कवटीला भोक पाडून तार आत न्यावी लागते. उंदराला विचारायचं नसतं. माणसात डोपामिनचे क्षणाक्षणाचे चढउतार मोजले गेले आहेत, पण ते अमेरिकेत, विजेच्या तारेने, कंपवातासाठी मेंदूची शस्त्रक्रिया चालू असताना, रुग्णाच्या परवानगीने. रक्त तपासून उपयोग नाही, कारण रक्तातलं डोपामिन दुसरीकडून आलेलं असतं, मेंदूतलं तिथे पोहोचत नाही. एक महागडं स्कॅन मिळतं, त्यात चेतापेशींची टोकं किती शिल्लक आहेत ते दिसतं. आज सकाळच्या गोळीनंतर डोपामिन किती आहे ते दिसत नाही. जवळची वाटते ती आणखी एक दिशा, घामातलं लेव्होडोपा मोजणाऱ्या पट्टीची. तसा प्रयोग बर्कलेतच २०१९ मध्ये झाला आहे. घामाचा तुटवडा आपल्याकडे तरी पडणार नाही.

अण्णांचे डॉक्टर आजही बोटं उघडमीट करायला सांगतात, दाराशी जाऊन वळायला सांगतात, आणि बघतात. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये लंडनच्या रस्त्यावरची माणसं न्याहाळून या आजारावर पुस्तिका लिहिली, तेव्हा त्यांनीही नुसतं बघितलंच होतं.

हे सगळं मी मुलीला एका शुक्रवारी दुपारी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आजोबाच मीटर." मग तिने वहीवर रेघा मारल्या. गोळीची वेळ, हात सैल झाल्याची वेळ, परत आखडल्याची वेळ. जेवणात डाळ-मासे जास्त झाले की गोळी उशिरा लागते हे डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, म्हणून जेवणाचाही एक रकाना. तिकडे आई सांगते, इकडे ती लिहिते. तीन महिन्यांची वही आईने डॉक्टरांना दाखवली. त्यांनी दुपारची गोळी अर्धा तास अलीकडे घेतली आणि जेवणापासून लांब ठेवली. आता संध्याकाळी अण्णा स्वतःच्या हाताने चहा पितात. कप अर्धाच भरलेला असतो, पण स्वतःच्या हाताने.

आपण घड्याळात अडीच तास मागे आहोत. पहाटे साडेपाचला आमच्याकडे गजर होतो तेव्हा चिपळूणला आठ वाजलेले असतात. यंदा पहिल्या आंघोळीलाही तो तसाच होईल. उटणं नंतर. आधी ती फोन लावेल आणि विचारेल, "आजोबा, घेतलीत?" आणि मग वहीत वेळ लिहील, भारताची.